फैयाज: गाणं काढलं तर काय उरतं?

होटगीरोड:
फैयाजबाई सोलापूरच्या, म्हणून आपण त्यांना अष्टपैलू अभिनेत्री म्हणतो. गाणं बाजूला काढा आणि सांगा, काय उरतं? झरीनाची भूमिका काय, जुलेखाची काय, टाळ्या गळ्याला पडल्या. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, लागलं की नट थांबतो आणि गवई उभा राहतो. त्याला अभिनय म्हणू नका.

पायपेटी:
हे वाचून गप्प बसवलं नाही. पद लागल्यावर नट थांबतो तो फसलेल्या प्रयोगात.

'कट्यार काळजात घुसली' हे संगीत नाटक १९६७ चं. खाँसाहेब म्हणजे वसंतराव देशपांडे आणि नाटकातली खाँसाहेबांची मुलगी झरीना म्हणजे फैयाजबाई. आता पट्टीचा, म्हणजे ज्या मूळ सुरावरून गातात त्याचा, हिशोब बघा. पुरुष पेटीच्या काळी एकला गात असेल आणि बाई काळी चारला, तर त्याचा पंचम (प) तो तिचा षड्ज (सा). प्रवेश त्याच्या सुरात तापलेला असतो आणि तिला कानातला षड्ज बदलून बोलायचं असतं. ऑर्गनवाला संवादाखाली हळूच सूर धरतो. पण पदाआधीचं शेवटचं वाक्य त्या सुराच्या आसपास उतरलं नाही, तर पहिली ओळ उपरी वाटते. वाक्य रडवेलं असेल तर गळा आवळतो आणि श्वास छातीत अडकतो. म्हणून श्वास वाक्य संपल्यावर घेऊन चालत नाही, शेवटच्या दोन-तीन शब्दांआधीच चोरावा लागतो. त्यात वन्समोअर आला तर प्रसंग पुढे सरकलेला असतो आणि पात्राला पुन्हा मुखड्यावर, पदाच्या पहिल्या ओळीवर, यायचं असतं, त्याच मनःस्थितीत. नुसता गवई इथे उघडा पडतो.

होटगीरोड:
हे सगळं तंत्र झालं. गद्य भूमिका सांगा.

बाळीवेस:
'तो मी नव्हेच' नाटकातली चन्नक्का. गाण्याचा आधार नाही, समोर प्रभाकर पणशीकरांचा निपाणीचा ठक लखोबा आणि तोंडात कानडी वळणाचं मराठी. मालिकांत आजकाल कानडी बाई म्हणजे वाक्याला शेपूट ओढायचं, झालं. हेल सगळ्यांत शेवटी येतो. आधी व्याकरण चुकावं लागतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी, म्हणून मराठी बोलताना भाकरीचं लिंग हातातून सुटतं. क्रियापद कर्माऐवजी कर्त्याप्रमाणे बदलतं, म्हणून 'मी काम केलो'. शब्द व्यंजनावर थांबत नाही, 'बस'चं 'बस्सु' होतं. हे तिन्ही नीट बसलं की हेल आपोआप लागतो. उलट्या वाटेने गेलात तर नक्कल होते आणि प्रेक्षक माणसाला हसायला लागतो.

नवीपेठ:
'मी काम केलो' ही चूक? सोलापुरात घरी मराठीच बोलणारा माणूसही असंच बोलतो. त्याला कानडी माणसाची चूक कोण ठरवणार? आणि निपाणीचं बोलणं वेगळं, आपलं वेगळं. तिकडे 'काय करालाईस', इथे 'काय करलालास'. शिवाय सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगूचं वळण आहे, ते तर कुणाच्या कानावरच जात नाही. मालिकेत सोलापूर दाखवतात आणि पात्रांना कोल्हापुरी बोलायला लावतात. त्यावर बोला आधी.

बाळीवेस:
'चुकावं लागतं' म्हणालो ते प्रमाण मराठीच्या हिशोबाने. तुम्ही शब्द पकडून अंगावर येताय.

नवीपेठ:
येणारच. प्रमाण मराठीच्या हिशोबाने मोजलं की आपली बोली कायम विनोदी पात्राच्या वाट्याला येते. लेखक संवाद पुणेरीत लिहितो आणि नटाला सांगतो, 'जरा सोलापुरी कर.' नट मग 'काय बे' टाकतो आणि क्रियापदं तशीच ठेवतो. बोली क्रियापदात असते. 'येतोय'चं 'येवलालाय' केलं नाही, तर शंभर 'बे' घालूनही ते सोलापूर होणार नाही.

बाळीवेस:
क्रियापदाचं मान्य. 'चूक' हा शब्द मागे घेतो, बाकी एक अक्षरही नाही.

होटगीरोड:
बोलीवरून भांडण नंतर. चन्नक्काचं मी धरतो, गद्यातही त्या उभ्या राहिल्या. पण एक भूमिका म्हणजे अष्टपैलूपण नव्हे. आणि २०१५ ला बेळगावच्या ९५व्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, हा पुरावा पुढे करू नका.

पायपेटी:
करत नाही. १९७० हे एकच साल घ्या. रंगमंचावर 'वीज म्हणाली धरतीला' नाटकातली जुलेखा, आणि 'घरकुल' चित्रपटात त्यांच्या आवाजात 'कोन्यात झोपली सतार'. नाटकात शब्द शेवटच्या रांगेत पोचवायचा असतो, म्हणून व्यंजनं ठासून आणि स्वर उघडे. स्टुडिओत माइक वीतभर अंतरावर. तिथे तोच जोर लावला तर 'प' आणि 'फ'चा फटका बसतो, श्वासही ऐकू येतो. अशा बैठकीच्या लावणीत आवाज निम्म्यावर आणून अर्थ शब्दाच्या शेवटाला सैल सोडायचा असतो. मैफल संपल्यानंतरची मरगळ त्या गाण्यात फक्त आवाजातून उभी राहते. चेहरा नाही, हातवारे नाहीत.

होटगीरोड:
तो पार्श्वगायिकेचा गुण.

पायपेटी:
मरगळ सुरात लिहिलेली नसते हो. ती पात्र कळल्याशिवाय येत नाही.

होटगीरोड:
ठीक. 'गाणं बाजूला काढा' हे माझं वाक्य चुकलं, ते काढता येत नाही. अष्टपैलू मात्र अजून म्हणणार नाही.

नवीपेठ:
नका म्हणू. चन्नक्काचे संवाद कुणाकडे असतील तर इथे टाका, क्रियापदं निपाणीची आहेत की आपली ते बघू.