‘तो काही करत नाही हो!’

एका ताईंनी विचारलंय, बागेत मोकळा कुत्रा अंगावर आला तर हातात काठी ठेवावी का? माझ्या मते नको. काठी उगारली की घाबरलेलं कुत्रं आणखी चवताळतं. पळूही नका. जागेवर उभं राहायचं, हात अंगालगत, नजर बाजूला, आणि मालकाला ठणकावून सांगायचं, "आधी पट्टा लावा."

खरी डोकेदुखी मालकांचीच. आमच्या लॅब्राडोरला म्हातारपणी मागच्या पायांचा त्रास आहे. पलीकडून एखादा तरुण कुत्रा सुसाट येतो, ती शेपूट पायांत घालून माझ्यामागे लपते, आणि मालक लांबूनच मोबाइलमधून मान वर काढत म्हणतात, "तो फ्रेंडली आहे!" असेल हो, पण हिला दुखतंय त्याचं काय? मला याचा मनापासून राग येतो. कुत्र्याचा दोष नाही, त्याला हाक मारल्यावर परत यायला कुणी शिकवलेलंच नसतं.

समजावून पटत नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सांगा. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये याची काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि चावलाच, तर वाद नंतर घाला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद-चुना काही लावू नका. मालक लसीचं कार्ड दाखवत असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.