‘सॉलिटरी बी’, ‘स्पीशीज’ आणि ‘डिस्क्राइब’ला नेमके मराठी शब्द

पानफुटी:
पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मेगाकायली लुसिफर या मधमाशीवर मराठीत लिहिते आहे. 2019 मध्ये गोल्डफील्ड्स भागात एका दुर्मिळ रानफुलाची पाहणी चालू असताना ही माशी हाती लागली, आणि 2025 मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. ‘एकट्या राहणाऱ्या मधमाशीची नवी प्रजाती शोधली’ हे वाक्य मलाच खटकतंय.

आडवाट:
‘एकांडी मधमाशी’ म्हणा. ‘एकल’पेक्षा ‘एकांडा’ मराठीत जुना आणि मुरलेला. एकांडा शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. इथेही प्रत्येक मादीचं घरटं स्वतःचं, बेगमी स्वतःची, ना राणी ना कामकरी. ‘मध’ मात्र फसवा आहे. ही माशी पोळं बांधत नाही, मध साठवत नाही. पराग आणि मकरंदाचा गोळा करून त्यावर अंडं घालते. तरीही नुसतं ‘माशी’ म्हटलं की वाचकाला घरमाशी दिसते, म्हणून ‘मधमाशी’ ठेवणं भाग आहे. आपला लाकूड पोखरणारा भुंगाही अशीच एक मधमाशी.

‘प्रजाती’ बदलाच. विश्वकोशी मराठीत स्पीशीज म्हणजे जाती, आणि प्रजाती म्हणजे तिच्या वरची पायरी, जीनस. वर्तमानपत्रांत हिंदीच्या वळणाने उलटं रूढ झालंय. इथे मेगाकायली ही प्रजाती, लुसिफर ही तिच्यातली जाती.

पानफुटी:
मग मेगाकायलीला ‘पानकापी’ म्हणू ना?

कवडसा:
इथे नको. पानं कातरणाऱ्या माश्या याच प्रजातीत आहेत, पण लुसिफर ज्या हॅकेरियापिस उपप्रजातीतली (सबजीनसमधली) आहे, तिच्यातल्या माश्या घरट्याला राळ वापरतात. पानं कातरायला जबड्याच्या दातांमध्ये धारदार पाती लागतात, ती यांना नसतात. मेगाकायलीचा मूळ ग्रीक अर्थ ‘मोठ्या ओठाची’ एवढाच.

‘परागटोपली’ही लिहू नका, ती पोळ्यातल्या मधमाशीच्या मागच्या पायावर असते. या माद्या पोटाखालच्या दाट केसांत कोरडा पराग भरतात. ‘परागकुंचा’ म्हटलं तर चित्र बरोबर उभं राहतं.

आडवाट:
‘शोध लागला’ आणि ‘वर्णन झालं’ या दोन घटना वेगळ्या ठेवा, इथे मध्ये सहा वर्षं आहेत. आणि ‘नवी नोंद’ तर कधीच नको. आधीच माहीत असलेली जाती एखाद्या जिल्ह्यात पहिल्यांदा दिसली की ती नवी नोंद. नवी जाती ठरायला नाव, जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगणारी लक्षणं आणि नामधारक नमुना, बहुधा एकच होलोटाइप, लागतो. 1999 नंतरच्या नावांना तो स्पष्ट नेमावा लागतो आणि कोणत्या संग्रहात ठेवणार तेही लिहावं लागतं. ‘होलोटाइप’ला ‘आदर्श नमुना’ म्हणणं चूक: तो सरासरीचा नसतो, नाव त्याला बांधलेलं असतं, इतकंच.

कवडसा:
लक्षणं लिहिताना नर-मादी सांगितल्याशिवाय वाक्य पुढे नेऊ नका. मादीच्या शृंगिकेला, म्हणजे डोक्यावरच्या अँटेनाला, 12 खंड, नराच्या 13. लुसिफरच्या मादीच्या चेहऱ्यावर सुमारे 0.9 मिलिमीटरची दोन टोकं आहेत. ‘शिंगं’ चालेल, पण एकदा ‘कवचाचे उंचवटे’ असं लिहून टाका, नाहीतर ती शृंगिकेशी गोंधळतात. नर-मादी इतके वेगळे दिसतात की पूर्वी अनेकदा त्यांना दोन निराळ्या जाती मानून दोन नावं दिली गेली. इथे डीएनए बारकोडने, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा ताडून, जोडी जुळवली.

पानफुटी:
आणि नाव ‘सैतान’ असं उलगडू?

आडवाट:
लॅटिनमध्ये ‘लुसिफर’ म्हणजे प्रकाश आणणारा. सैतानाचा अर्थ नंतर चिकटला. शिंगांमुळे हा दुसरा अर्थ इथे अभिप्रेत आहे, तेव्हा दोन्ही द्या. मेगाकायली स्त्रीलिंगी असूनही ‘लुसिफेरा’ झालं नाही, कारण शब्द विशेषण म्हणून नव्हे, नाम म्हणून घेतलाय. नाम असलं की प्रजातीच्या लिंगाप्रमाणे शेपूट बदलत नाही.

पानफुटी:
‘एकांड्या मधमाशीच्या नव्या जातीचं वर्णन प्रसिद्ध’ असा मथळा करते.