पोर्चमधली कृत्रिम झाडं: रंगाआधी ऊन बघा

पोर्चसाठी कृत्रिम झाडं निवडताना फुलांचे रंग कोणते घ्यावेत यावर बरीच चर्चा होते, पण पोर्चवर ऊन किती वेळ येतं हे कुणी विचारत नाही. माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. अतिनील किरणांनी रंग उडतो, प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. त्यामुळे वेष्टनावर नुसतं 'यूव्ही प्रतिरोधक' (म्हणजे अतिनील किरणांना तोंड देणारं) वाचून थांबू नका. या किरणांपासून वाचवणारं द्रव्य प्लास्टिकमध्येच मिसळलंय की वरून फवारलंय, हे आवर्जून विचारा. वरचा थर झिजून जातो, मिसळलेलं जास्त टिकतं. कापडी फुलं फार देखणी असतात, पण ती छताखालच्या सावलीतच लावा.

खोक्यातून काढलेलं झाड तसंच ठेवलं तर हमखास खोटं वाटतं. फांद्यांमधल्या तारा एकेक करून वाकवा, पानं वेगवेगळ्या दिशांना वळवा, थोडी खालीही झुकू द्या. यात वेळ जातो, पण सगळी जादू इथेच आहे! बुंध्याचा प्लास्टिकचा तळ खडे किंवा मातीने झाका. कुंडीत खाली वाळू किंवा विटा भरल्या की वाऱ्याने ती कलंडणार नाही. कुंडीला भोक मात्र हवंच, नाहीतर पावसाचं पाणी साचून डास होतात.

आणि दाराशी, नजरेच्या टप्प्यात, एखादं जिवंत झाड जरूर ठेवा. कृत्रिम वेली वर आणि मागे सोडा, जिथे रोज पाणी घालणं अवघड असतं. धूळ मात्र नियमित पुसा.