नवा मॉनिटर जोडल्यापासून स्पीकर बंद: साउंड कार्ड बदलावे का?

प्रश्न (सदाशिव पेठ):
नमस्कार. आई रोज सकाळी घरच्या डेस्कटॉपवरून गाण्याची ऑनलाइन शिकवणी घेते. रविवारी जुन्या व्हीजीए मॉनिटरच्या जागी एचडीएमआय केबलने नवा मॉनिटर जोडला आणि तेव्हापासून स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही. स्पीकरचा दिवा लागतो, केबल मागच्या हिरव्या जॅकमध्येच आहे आणि रिअलटेकचा (संगणकातील ध्वनीच्या चिपचा) ड्रायव्हर काढून पुन्हा टाकूनही फरक पडलेला नाही. संगणकावर विंडोज १० आहे. नवे साउंड कार्ड घ्यावे का?

उत्तर (कोथरूड):
इतक्यात काही विकत घेऊ नका. एचडीएमआयच्या एकाच केबलमधून चित्र आणि ध्वनी दोन्ही जातात, त्यामुळे विंडोज नव्या मॉनिटरलाच ध्वनीचे साधन समजून सगळा आवाज तिकडे वळवते. मॉनिटरला स्पीकर नसतील तर तो कुठेच ऐकू येत नाही. टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा आणि पट्टीच्या वरचा बाण दाबून रिअलटेकचे स्पीकर निवडा.

प्रश्नकर्ता:
आवाज आला, मनापासून आभार! मात्र आता मागे सतत ‘घूं’ असा स्वर ऐकू येतो आणि तो तानपुऱ्यात मिसळत असल्याने आईला फार त्रास होतो. मॉनिटरसाठी एक्स्टेंशन बोर्डावर जागा करताना स्पीकरची तीन पिनांची वायर पलीकडच्या भिंतीवरील सॉकेटमध्ये लावली होती, एवढाच काय तो बदल.

उत्तर (नारायण पेठ):
कारण बहुधा तेच आहे. संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोन्हींच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक राहतो, ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह फिरू लागतो आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची कंपने स्पीकरमधून ऐकू येतात. खात्रीसाठी स्पीकर चालू ठेवून केबल फक्त संगणकातून काढा. टोकाच्या धातूला मात्र बोट लावू नका, कारण त्यानेही स्पीकर घुमतो. घूं थांबली, तर संगणक आणि स्पीकर या दोन्हींचे प्लग एकाच बोर्डावर आणा. अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तरी कृपया ऐकू नका. ती पिन शॉकपासून आपले रक्षण करते. एवढे करूनही स्वर राहिलाच, तर तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ग्राउंड लूप आयसोलेटर नावाचे छोटे उपकरण मागा. त्यातील छोटे ट्रान्सफॉर्मर तारांचा थेट संबंध तोडून फक्त ध्वनी पुढे पाठवतात.

प्रश्नकर्ता:
केबल काढताच घूं थांबली. मोबाइलचा चार्जर हलवून स्पीकर पुन्हा जुन्या बोर्डावर लावला आणि तो स्वर पूर्ण गेला. आईने डोळे मिटून बराच वेळ नुसता तानपुरा ऐकला, मग शिकवणी सुरू केली. आता वायरमनला बोलावून भिंतीवरील त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घेणार आहे.