बोस्टन: ४ जुलैच्या कार्यक्रमाला आई-बाबांना कुठे बसवावं?

नमस्कार मंडळी. आई-बाबा ऑगस्टअखेरपर्यंत आमच्याकडे आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, चार्ल्स नदीकाठचा बोस्टन पॉप्स ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आणि आतषबाजी दोघांनाही दाखवायची फार इच्छा आहे.

बाबांची सगळी नोकरी पोलीस बँडमध्ये झाली, क्लॅरिनेट वाजवायचे. चायकोव्हस्कीच्या '१८१२' या रचनेला इथे खऱ्या तोफा उडवतात हे कळल्यापासून ते त्यातच आहेत. काल चहा उकळेपर्यंत ओट्यावर बोटं चालवत उभे होते. फटाके नाही दिसले तरी चालेल, पण वाजवणारे दिसले पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं.

आईचे दोन्ही गुडघे गेलेत. सतरंजीवर बसली की उठवायला दोघं लागतात. आणि बाथरूम जवळ नसेल तर ती दिवसभर पाण्याला शिवत नाही, जुलैच्या उन्हात मला त्याचीच धास्ती वाटते. तिला फटाके बघायचेत.

हॅच शेल, म्हणजे वादक बसतात तो नदीकाठचा खुला रंगमंच, त्याच्यासमोरच्या हिरवळीवर जागा धरावी, की नदीपलीकडे केंब्रिजच्या बाजूला बसावं? दोघांना वेगवेगळं बसवायचं नाहीये. कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, ४ तारखेला हिरवळीचा नाद सोडा. कार्यक्रम रात्री आठचा, फटाके साडेनऊनंतर, आणि पुढची जागा हवी तर भर दुपारी जाऊन बसायचं. एकदा बसलं की हलता येत नाही. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. फिरत्या शौचालयांसमोर संध्याकाळी ही रांग! काकूंचे हाल होतील. शिवाय फटाक्यांचे तराफे लाँगफेलो पूल आणि मॅस अव्हेन्यूचा पूल यांच्या मधे नदीत असतात. हिरवळीवर बऱ्याच जागी झाडं आड येतात. केंब्रिजच्या काठच्या मेमोरियल ड्राइव्ह रस्त्यावरून समोर नुसतं पाणी आणि आकाश. रस्ता वाहनांना बंद असतो, त्यामुळे घडीची खुर्ची घेऊन सावकाश चालत जाता येतं.

काकांसाठी वेगळा बेत करा. उन्हाळ्यात बुधवारी संध्याकाळी त्याच हॅच शेलवर बोस्टन लँडमार्क्स ऑर्केस्ट्राचे विनामूल्य कार्यक्रम असतात. यंदाच्या तारखा बघून घ्या. ४ जुलैसारखी झुंबड नसते, वादक नीट दिसतात.

धागाकर्ती

मनापासून आभार! बुधवारचं माहीतच नव्हतं. पण तोफा त्या दिवशी नसणार ना?

प्रतिसाद १

नाही, त्या ४ जुलैच्याच. वाद्यवृंद संचालक आर्थर फीडलरनी नदीकाठी फुकट कार्यक्रम १९२९ मध्ये सुरू केले, तोफा आणि फटाक्यांची जोड १९७४ ची. काकांना सांगा, तोफेचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या काठावरही दणदणीत येतो. परतताना जवळच्या केंडल मेट्रो स्टेशनवर तोबा गर्दी उसळते, तेव्हा लगेच उठू नका. अर्धा-पाऊण तास तिथेच बसा, काकूंना पाणी द्या, मग निघा.