वाचनालयातील जुन्या संगणकांसाठी हलके लिनक्स कोणते घ्यावे? (मराठी टंकलेखन आणि जुन्या फाइलींसह)

ग्रंथपाल_पलूस

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात आमचे सार्वजनिक वाचनालय आहे. तेथील दोन्ही डेस्कटॉप संगणकांमध्ये कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि ३२० जीबीची हार्ड डिस्क असून त्यांवर विंडोज ७ चालते. क्रोमची ११० पासून पुढची आवृत्ती विंडोज ७ वर बसत नाही, त्यामुळे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरायला येणाऱ्या मुलांना काही संकेतस्थळे नीट उघडत नाहीत. नवीन संगणक घेण्याइतकी रक्कम यंदा शिल्लक नाही.

आमचे काम साधेच आहे. पत्रे आणि सभेची इतिवृत्ते मराठीत लिहिणे, ग्रंथांची दाखल नोंदवही स्प्रेडशीटमध्ये ठेवणे, वृत्तपत्रे आणि मराठी विश्वकोश वाचणे, अर्ज भरणे व त्यांची छपाई काढणे, एवढे जमले तरी पुरे. अँटीएक्स, लुबुंटू, मिंट, डेबियन अशी लिनक्सच्या निरनिराळ्या प्रकारांची नावे वाचनात आली, पण वापरणारे बहुतेक जण शाळकरी मुले आणि निवृत्त मंडळी असल्याने निवड करताना जीव दडपतो. शिवाय अनेक वर्षांची इतिवृत्ते जुन्या मराठी फाँटमध्ये टंकलेली आहेत. ती लिनक्सवर वाचता येतील का?

अजिंक्यतारा

नमस्कार. साताऱ्यात ओळखीच्यांचे जुने संगणक मी अशा कामासाठी तयार करून देत असतो, म्हणून आधी हार्डवेअरबद्दल लिहितो. कोअर टू ड्युओ ६४ बिट प्रोसेसर आहे, त्यामुळे मिंट, डेबियन, लुबुंटू यांसारख्या आजच्या प्रणाली त्यावर बसतात. खरी अडचण २ जीबी रॅम आणि फिरत्या हार्ड डिस्कची आहे. एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप (पडद्यावरील मेनू, पट्टी आणि खिडक्यांची मांडणी) स्वतः थोडीच जागा घेतो, परंतु ब्राउझरमध्ये अर्जाचे पान, वृत्तपत्र आणि ईमेल एकाच वेळी उघडले की रॅम भरते, रॅममधला मजकूर हार्ड डिस्कवरील स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडल्यावर वापरल्या जाणाऱ्या जागेत) जाऊ लागतो आणि माउससुद्धा अडखळतो. डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) कितीही हलकी घेतली तरी ब्राउझर तोच राहतो, हे ध्यानात घेतल्याशिवाय नावांची तुलना करण्यात अर्थ नाही.

म्हणून प्रत्येक संगणकात एक लहान साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली जलद डिस्क) बसवावी आणि रॅम ४ जीबी करावी. जी३१ चिपसेटचा मदरबोर्ड असेल तर ४ जीबी हीच त्याची कमाल मर्यादा आहे, तेव्हा डीडीआर२ रॅम घेण्यापूर्वी बोर्डाचा क्रमांक पाहून घ्यावा. जुन्या साटा पोर्टवर एसएसडी पूर्ण वेगाने चालत नाही, तरीही विखुरलेल्या लहान फाइली वाचायला लागणारा वेळ इतका कमी होतो की संगणक सुरू होणे आणि लिब्रेऑफिस (पत्रे व स्प्रेडशीटसाठीचे मोफत सॉफ्टवेअर) उघडणे यांत पहिल्याच दिवशी फरक जाणवेल.

त्यानंतर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी, असे माझे मत आहे. ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा सुधारणा मिळणार आहेत. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू ही मांडणी विंडोज ७ वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही, आणि आपल्याकडे येणाऱ्या मंडळींचा विचार करता मी याच गोष्टीला सर्वांत जास्त महत्त्व देईन.

तासगाव_द्राक्षबाग

वरील सल्ला योग्य आहे, मात्र रॅम वाढवणे शक्य झाले नाही तर मिंटचा आग्रह धरू नये. २ जीबीवर अँटीएक्स अधिक मोकळेपणाने चालते. ते डेबियनवर आधारित आहे, त्यात सिस्टमडी (संगणक सुरू होताना सेवा चालवणारी व्यवस्था) नाही आणि आइसडब्ल्यूएम हा अगदी हलका विंडो व्यवस्थापक (पडद्यावरील खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) आहे. दिसायला ते जुनाट आहे आणि सेटिंग्ज अनेक ठिकाणी विखुरलेल्या आहेत, त्यामुळे ब्राउझर, लिब्रेऑफिस आणि फाइलींचे फोल्डर यांची चिन्हे पडद्यावर आधीच मांडून द्यावी लागतील.

कोणतीही प्रणाली घेतली तरी झेडरॅम सुरू करावे. त्यात रॅमचाच काही भाग दाबून साठवलेल्या स्वॅपसाठी वापरला जातो. प्रोसेसरला थोडे काम वाढते, पण डिस्कवर जाण्यापेक्षा ते कितीतरी जलद असते. आपल्या भागात वीज अचानक जाते, हे लक्षात घेऊन लिब्रेऑफिसमधील स्वयंचलित जतनाचे १० मिनिटांचे अंतर २ मिनिटांवर आणावे.

विश्वकोश_वाई

मराठीसंबंधीचा प्रश्न मागे पडू नये म्हणून सविस्तर लिहितो.

नव्या मजकुरासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘लेआउट’ या भागात भारतीय मांडण्यांखाली मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीचा प्रमाणित कीबोर्ड) आहे, तो इंग्रजीच्या जोडीने घ्यावा आणि भाषा बदलण्यासाठी एखादी कळजोडी ठरवून द्यावी. इनस्क्रिप्टमध्ये ज्या कळीवर ‘र’ आहे तीच शिफ्टसह दाबली की ‘ऱ’ येतो, आणि ‘ल’च्या कळीवर तसाच ‘ळ’ मिळतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्या याच ‘ऱ’ने लिहिला, तरच तो सर्वत्र नीट दिसतो. फाँट म्हणून नोटो किंवा लोहित देवनागरी बसवावा. लिब्रेऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि त्याचा आकार इंग्रजीपासून वेगळे ठरवावे लागतात. ते केले नाही तर मराठी अक्षरे बारीक दिसतात आणि लोक प्रणालीलाच दोष देतात.

जुन्या फाइलींचे मात्र तसे नाही. जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून तो फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाँटची मूळ टीटीएफ फाइल आपल्या विंडोज ७ मध्ये आहे. ती लिनक्समध्ये बसवली की इतिवृत्ते वाचता येतील आणि छापताही येतील. शोध घेण्यासाठी व पुढे संपादन करण्यासाठी मात्र ती युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर सारखी चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत) बदलून घ्यावीत. प्रत्येक फाँटची अक्षरयोजना निराळी असल्याने परिवर्तक त्याच फाँटचा असावा, आणि बदललेला मजकूर मुळाशी ताडून पाहावा. पहिली वेलांटी हे चुकांचे नेहमीचे ठिकाण आहे. जुन्या पद्धतीत ती व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर साठते, त्यामुळे ‘स्थिती’सारख्या जोडाक्षरी शब्दांत ती भलत्याच अक्षराला चिकटते. रफार आणि ‘ऱ्या’ हेही असेच तपासावेत. ठराव आणि रकमा असलेली पाने तरी दोघांनी मिळून वाचावीत.

ग्रंथपाल_पलूस

सर्वांचे मनापासून आभार. एका संगणकात आधी एसएसडी आणि रॅम बसवून मिंट एक्सएफसीई घालतो, दुसरा तूर्त आहे तसाच ठेवतो. लेझर प्रिंटर जुना आहे, तो चालेल की नाही हे आधी कळण्याचा काही उपाय आहे का?

अजिंक्यतारा

आहे. मिंट पेनड्राइव्हवरून, काहीही न बसवता चालवून पाहता येते. त्यात प्रिंटर जोडून मराठी मजकुराचे एक पान छापून पाहावे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी एचपीलिप हे पॅकेज आहे, इतर कंपन्यांच्या काही जुन्या लेझर प्रिंटरांचे चालक मात्र लिनक्सवर कष्टानेच चालतात. छपाई जमली नाही, तर विंडोजचा दुसरा संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ छपाईसाठी ठेवावा आणि पीडीएफ पेनड्राइव्हने न्यावी. आणखी एक विनंती: जुनी हार्ड डिस्क पुसू नये. एसएसडी बसवल्यावर ती काढून, तारीख लिहून कपाटात ठेवावी, कारण इतिवृत्तांच्या मूळ प्रती आणि ते फाँट तिच्यावरच आहेत.