टॅलीत १ एप्रिलला नवीन कंपनी उघडायची की जुनीच चालवायची? शेतकऱ्यांची उधारी आहे

प्रश्न (कृषी केंद्र, ता. दारव्हा)

नमस्कार मंडळी. बी-बियाणं, खत, औषधाचं दुकान आहे. हिशेबाला टॅली प्राइम हे सॉफ्टवेअर वापरतो. गेल्या एप्रिलला आमच्या ऑपरेटरनं त्यात नवीन कंपनी, म्हणजे हिशेबाची वेगळी वही, उघडली आणि प्रत्येक खातेदाराची बाकी एकठोक टाकून दिली.

मे महिन्यात एक काका आले. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवला होता, तो विकून आलेले. बंडीच्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं आदल्या जूनचं बिल काढलं: दोन डीएपी, तीन युरिया, ३,४९९.५० रुपये. म्हणाले, "आधी हे फेडतो." माझ्या स्क्रीनवर नुसतं ४१,३७०. कोणत्या बिलाचे किती, काहीच दिसेना. तीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, हिशेब दाखवता आला नाही, फार वाईट वाटलं.

यंदा असं होऊ द्यायचं नाही. काय करू?

उत्तर १ (हिशेबनीस, पुसद)

नवीन कंपनीची गरजच नाही. आधी बॅकअप घ्या, पेन ड्राइव्हवर वेगळा ठेवा. मग ऑल्ट धरून एफ२ दाबा, कालावधी १-४-२०२६ ते ३१-३-२०२७ करा. शिल्लक, स्टॉक, पार्टीची बिलं आपोआप पुढे येतात. नफा मात्र भांडवल खात्यात आपोआप जात नाही. ३१ मार्चला जर्नल (बदलीची नोंद) टाकावी लागते.

गेल्या वर्षीचंही सुधारतं. पार्टीच्या खात्याच्या (लेजर) दुरुस्तीत 'बिल-बाय-बिल' होय करा, ओपनिंग बाकीची बिलवार फोड भरा. बिलं जुन्या कंपनीतून छापून घ्या.

उत्तर २ (खतवाला, आर्णी)

भाऊ, बिल नंबर विसरू नोका. व्हाउचर टाइपमधी सेल्स उघडा, रिस्टार्ट नंबरिंगमधी १-४-२०२६ टाका, सुरुवात १, मुदत वर्षाची. मी पुढं २६-२७/ लावतो. जीएसटीत नंबर १६ अक्षरांच्या वर चालत नाही, अन् एका वर्षात तोच नंबर दोनदा नाही चालत.

अन् ३१ च्या रात्री पोते स्वतः मोजा. युरियाचा आकडा पॉस मशीनशी, म्हंजे खतविक्री नोंदवाच्या मशीनशी, जुळलाच पाहिजे जी. मी पोराच्या भरवशावर नाही सोडत.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तीन रात्री बसून बिलवार फोड भरली. काकांची मे महिन्याची जमा 'ऑन अकाउंट', म्हणजे कुठल्याच बिलाला न लावता, पडली होती, ती दुरुस्त करून त्या जूनच्या बिलाला लावली. आता बाकीच्या यादीत ते बिल येत नाही, उरलेली तारखेसकट दिसतात. त्यांच्या खात्याचा उतारा छापून ठेवलाय, बाजाराच्या दिवशी येतील तेव्हा हातात देतो.

पोते आज संध्याकाळी मोजतो.